ऑपरेशनच्या आधीचे चार आठवडे

  मी बचत गटांची सहयोगिनी. एरवी मी कर्ज, हप्ता, हजेरी आणि रजिस्टर यांवर बोलते. आज विषय वेगळा आहे. आज ऑपरेशनबद्दल बोलायचं आहे आणि ऑपरेशनच्या आधी तंबाखू का सोडायचा, कसा सोडायचा, हे सांगायचं आहे.

धान घरात आलं, विकून चार पैसे हातात आले, की आपल्या गावांत दोन कामं निघतात. एक लग्नं आणि दुसरं ऑपरेशनं. रोवणीत दुखत होतं ते तसंच दाबून ठेवलेलं असतं. कुणाची पिशवी काढायची असते, कुणाच्या पित्ताशयात खडे असतात, कुणाला हर्निया असतो, कुणाचं कुटुंब नियोजनाचं राहिलेलं असतं, कुणाच्या सासऱ्यांचं हायड्रोसीलचं असतं. "मळणी होऊ द्या, मग पाहू," असं म्हणून ते पुढं ढकललेलं असतं. मग आपण गोंदियाला जातो, डॉक्टर तपासतात, रक्त-लघवी तपासायला सांगतात आणि तारीख देतात. ती तारीख कधी पंधरा दिवसांनी असते, कधी महिन्यानं, कधी दोन महिन्यांनी.

मधल्या दिवसांत आपण काय काय करतो, आठवून पाहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार कार्ड काढून ठेवतो. गटातून कर्ज उचलतो. घरी भात कोण रांधेल, गाय कोण दोहेल, लहान पोराला कुणाकडे ठेवायचं, ते ठरवतो. माहेरी निरोप धाडतो. सगळी तयारी करतो. पण या यादीत एक गोष्ट नसते. खर्रा, गुडाखू, नस, बिडी त्या दिवसापर्यंत चालूच असते. उलट काळजीनं दोन वेळा जास्तच होते.

म्हणून आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. ऑपरेशनची तारीख मिळाली, की त्याच दिवशी तंबाखू बंद करायचा. ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे तो तोंडात, दातावर किंवा धुरातून अंगात जायला नको. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 च्या जानेवारीत हेच जगाला सांगितलं. जे लोक ऑपरेशनच्या साधारण चार आठवडे किंवा त्याहून आधी धूम्रपान सोडतात, त्यांना ऑपरेशनमधले आणि नंतरचे त्रास कमी होतात आणि सहा महिन्यांनी पाहिलं तरी त्यांची तब्येत जास्त चांगली असते. चार आठवड्यांच्या पुढं तंबाखूविना जाणारा प्रत्येक आठवडा आणखी फायदा देतो, असंही त्यांनी सांगितलं. हे आकडे धूर ओढणाऱ्यांवरचे आहेत. पण खाणाऱ्या-घासणाऱ्यांनी आपल्याला सूट मिळाली असं समजू नये. ते का, हे पुढं सांगते.

आता कुणी म्हणेल, "बाई, आमच्यात कोण बिडी ओढते? ते तर माणसांचं काम." खरं आहे. 2016-17 मध्ये सरकारनं देशभर तंबाखूची पाहणी केली होती. तिच्यात आपल्या महाराष्ट्रात धूर ओढणाऱ्या बायका शंभरात दीडसुद्धा निघाल्या नाहीत. पण सगळ्या प्रकारचा तंबाखू धरला, तर शंभरात सतरा बायका निघाल्या. म्हणजे साधारण दर सहा बायकांमागे एक. आपल्या बारा जणींच्या गटात हिशोबानं दोघी झाल्या. त्या दोघी कोण, हे शोधायला मी सांगत नाही. एवढंच सांगते, की आपला तंबाखू दिसत नाही. माणसाची बिडी रस्त्यावर दिसते, पानठेल्यावर दिसते. बाईची गुडाखूची डब्बी ब्लाऊजमध्ये असते, चुलीमागच्या कोनाड्यात असते. पहाटे बाहेर जाताना दातावर बोट फिरलं, तोंड धुतलं, झालं. घरातल्या माणसालासुद्धा कधी कधी ठाऊक नसतं.

हे लपणंच ऑपरेशनच्या वेळी धोक्याचं ठरतं. दवाखान्यात कागद भरताना विचारतात, "काही व्यसन आहे का?" सोबत दीर उभा असतो, नाहीतर सासरा. आपण खाली पाहून म्हणतो, "नाही जी." कागदावर "नाही" लिहिलं जातं. आणि भूल देणारे डॉक्टर त्या "नाही"वर भरवसा ठेवून आपली तयारी करतात.

व्यसन हा शब्दच आपल्याला लागतो. व्यसन म्हणजे दारू, व्यसन म्हणजे जुगार. दात घासायला गुडाखू लावला, त्याला कुठं व्यसन म्हणायचं? पण डॉक्टर हे चालचलन पाहायला विचारत नाहीत. त्यांना भूल किती आणि कशी द्यायची, श्वासाची नळी कशी घालायची, जखम कशी भरेल, हे ठरवायचं असतं. म्हणून व्यसन हा शब्द बाजूला ठेवा आणि वस्तूचं नाव घेऊन सांगा. "डॉक्टरसाहेब, मी दिवसातून चारदा गुडाखू लावते." "मी दोन खर्रे खाते." घरच्यांसमोर सांगायचं नसेल, तर नर्सताईंना म्हणा, "मला एकटीला बोलायचं आहे." असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे.

आता तंबाखू अंगात काय करतो, ते पाहू.

पहिली गोष्ट रक्ताची. बिडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू असतो. आपल्या रक्तातला लाल रंगाचा पदार्थ, हिमोग्लोबिन, श्वासातला प्राणवायू वाहून नेतो. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. बैलगाडीत धानाची पोती ठेवायची, तर तिथं आधीच दगड भरून ठेवले, असं समजा. गाडी चालते, पण घरी धान येत नाही. आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं. त्यात हे झालं, तर भुलेखाली शरीराला प्राणवायू कमी पडतो. आणि बिडी पानाची आहे म्हणून हलकी, असं समजू नका. तेंदूपत्ता नीट जळत नाही, बिडी विझू नये म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते, आणि धूर खोल जातो.

दुसरी गोष्ट जखमेची. तंबाखूतलं निकोटिन रक्ताच्या बारीक नळ्या आवळून टाकतं. खर्रा असो, गुडाखू असो, बिडी असो, निकोटिन सगळ्यांतून रक्तात जातंच. आपण बांधीत पाणी सोडतो, तेव्हा नालीत माती अडकली तर शेवटच्या बांधीला पाणी पोचत नाही आणि तिथलं धान पिवळं पडतं. टाक्यांच्या जागी तसंच होतं. रक्त कमी पोचलं की जखम भरायला वेळ लागतो, पू होण्याची भीती वाढते, टाके उसवण्याची भीती वाढते. हाड मोडून ऑपरेशन झालं असेल, तर हाड जुळायलाही उशीर लागतो.

तिसरी गोष्ट छातीची. आपल्या श्वासनळीला आतून अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात. ते कफ वर ढकलत राहतात, जसं आपण अंगण झाडतो. बिडीच्या धुरानं ते तंतू लुळे पडतात आणि कफ आतच साचतो. भुलेनंतर तोच कफ छातीत बसतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते. त्यातून खोकला आला तर पोटाच्या टाक्यांवर जोर येतो. हर्नियाचं ऑपरेशन करून आलेला माणूस ढास लागून खोकतो, तेव्हा काय होतं, हे त्याच्या घरच्या बाईला विचारा.

चौथी गोष्ट खास आपल्या भागातली आहे, खर्ऱ्याची. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. पन्नीवर घोटून घोटून तो करतात. रोज सुपारी चघळून गालाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते, आणि तोंड उघडणं कमी होतं. आधी तिखट लागलं की झोंबतं, मग मोठा घास जात नाही. भूल देताना डॉक्टरांना कधी कधी तोंडातून श्वासाची नळी घालावी लागते. तोंडच उघडलं नाही, तर ती नळी जायची कशी? म्हणून घरी एक गोष्ट करून पाहा. आपली मधली तीन बोटं जोडून उभी धरा आणि तोंडात जातात का पाहा. जात नसतील, तर ऑपरेशनची वाट न पाहता दाताच्या डॉक्टरांना दाखवा, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर पहिल्याच भेटीत सांगा. अशी कडक झालेली कातडी पुढं कॅन्सरकडेही जाऊ शकते.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात आणि अख्ख्या पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. ज्यांच्या घरात सिकलसेलचा पेशंट आहे, त्यांनी हे नीट ऐका. प्राणवायू कमी झाला, की सिकलसेलच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. म्हणून अशा पेशंटनं बिडीच्या जवळही जाऊ नये, आणि घरात कुणी बिडी ओढूही नये. दवाखान्यात सिकलसेलचं कार्ड पहिल्यांदाच दाखवा.

मोबाईलवर आजकाल वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या जाहिराती येतात. नागपूर-मुंबईला अशी ऑपरेशनं होतात. पोट लहान करतात, किंवा पोट आणि आतडं नव्यानं जोडतात. अशा ऑपरेशनच्या आधी काही आठवडे तंबाखू पूर्ण बंद करायला डॉक्टर सांगतात, आणि बंद केला नसेल तर पुष्कळदा ऑपरेशन पुढं ढकलतात. कारण बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या नव्या जोडावर अल्सर, म्हणजे आतली जखम होण्याची भीती मोठी असते. मोठ्या शहरातल्या पेशंटला जो नियम, तोच बिरसीच्या बाईच्या पोटालाही लागू आहे. कातडी सगळ्यांची एकाच रीतीनं भरते.

आता एका ताईंचं सांगते. नाव सांगणार नाही, गावही सांगणार नाही, कारण त्यांनी तशी अट घातली आहे. त्यांची पिशवी काढायची ठरली होती, आणि तारीख सव्वा महिन्यानंतरची होती. कागदावर त्यांनी "नाही जी" असंच लिहवलं होतं. गुडाखू लावायला लागून वीस वर्षं झाली होती. पहिल्या बाळंतपणानंतर दाढ दुखली, तेव्हा शेजारणीनं लावून दिला होता. गटाच्या बैठकीत तंबाखूवर बोलणं निघालं, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. बैठक संपल्यावर अध्यक्षताईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "मले सोडाचं आहे, पण हा लावल्याबिगर सकाळी पोट साफच होत नाही." ही तक्रार फार बायकांची असते. ती खोटी नाही. निकोटिननं आतड्याला चालना मिळते, तशी सवय पडते, आणि सोडल्यावर काही दिवस पोट अडतं. पण ते कायमचं नसतं.

अध्यक्षताईंनी दोन गोष्टी केल्या. रोज सकाळी त्यांच्याकडे एक चक्कर मारायची ठरवली, आणि दवाखान्याच्या पुढच्या तपासणीला स्वतः सोबत गेल्या. दीराला बाहेर बसवलं, "बायकांचं बोलणं आहे" म्हणून. आत त्या ताईंनी गुडाखूचं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. कागदावर नोंद केली, पोट साफ व्हायला औषध लिहून दिलं, आणि एवढंच म्हणाले, "आता पुन्हा लावू नका." मधे एका तेरवीला त्यांनी एकदा लावला, दुसऱ्या दिवशी सांगूनही टाकलं, आणि पुन्हा बंद केला. ऑपरेशन झालं, टाके वेळेवर निघाले. तंबाखू सोडला म्हणूनच सगळं नीट झालं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. डॉक्टर चांगले होते, काळजी घेतली गेली. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना जे ठाऊक असायला पाहिजे होतं, ते ठाऊक होतं. हे मोठं काम झालं.

आता चार आठवडे कसे काढायचे, ते सांगते. कागद-पेन घ्या, नाहीतर घरातल्या शाळकरी मुलीला लिहून घ्यायला सांगा.

पहिला आठवडा सगळ्यात कठीण असतो, त्यातही पहिले तीन-चार दिवस. डोकं दुखेल, चिडचिड होईल, झोप उडेल, हात डब्बीकडे जाईल. घरात डब्बी, पुडी, खर्ऱ्याची पन्नी काही ठेवू नका. "पाहुण्यांसाठी असू द्या" हेही नको. तलफ आली, की ती काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटं काढायची आहेत. एक ग्लास पाणी घोट घोट प्या. उठून दुसरं काम धरा. दीर्घ श्वास घ्या. पदराला लवंग, बडीशेप, भाजलेला ओवा, वाळवलेला आवळा बांधून ठेवा. सुपारी मात्र नको, साधीही नको.

दुसऱ्या आठवड्यात पोट आणि झोप यांची तक्रार राहते. सकाळी कोमट पाणी प्या, पेज प्या, पालेभाजी खा, थोडं चाला. चार-पाच दिवसांतही पोट साफ झालं नाही, तर आशाताईंना सांगा. बिडी सोडणाऱ्याला या दिवसांत खोकला आणि कफ वाढल्यासारखा वाटतो. त्यानं घाबरून पुन्हा बिडी धरू नये. ते झाडणारे तंतू पुन्हा कामाला लागलेले असतात.

तिसऱ्या आठवड्यात धोका वेगळा असतो. आता तलफ कमी झालेली असते आणि आपल्याला वाटतं, जमलं की! मग लग्नात, तेरवीला, धुऱ्यावर बसून कुणीतरी म्हणते, "घे न बाई, एवढ्यानं काय होते." तेव्हा म्हणायचं, "माझं ऑपरेशन आहे, डॉक्टरनं मना केलं." हे उत्तर कामाचं आहे. डॉक्टरचं नाव घेतलं, की कुणी आग्रह करत नाही. एखाद्या वेळी हात गेलाच, तर सगळं बुडालं असं समजू नका. त्याच क्षणापासून पुन्हा मोजायला लागा, आणि डॉक्टरांपासून लपवू नका.

चौथ्या आठवड्यात तपासण्या होतात. रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या चुकवू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. ऑपरेशनच्या दिवशी उपाशी पोटी या म्हणतात, तेव्हा तोंडात खर्रा चालतो, असं काही जणांना वाटतं. नाही चालत. भुलेच्या वेळी तोंडातला चुरा आणि रस श्वासनळीत जाऊ शकतो. त्या दिवशी तोंडात काही नाही आणि दातावरही काही नाही.

ऑपरेशन झाल्यावर घरी आलात, की भेटायला येणारे खर्रा घेऊन येतात. त्यांना दारातच सांगा. जखम भरायचे ते दिवस आधीच्या चार आठवड्यांइतकेच महत्त्वाचे आहेत. आणि दोन-अडीच महिने तंबाखूविना निघाले, तर मग पुन्हा धरायचा कशाला?

कुणी विचारेल, "आमची तारीख आठ दिवसांवर आहे, मग काय उपयोग?" उपयोग आहे. बिडी सोडल्यावर एका दिवसात रक्तातला तो विषारी वायू पुष्कळ उतरतो. चार आठवडे मिळाले तर उत्तम, दोन मिळाले तर दोन, एकच दिवस मिळाला तर एक दिवस. पण एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. तंबाखू सोडायचा म्हणून ऑपरेशन आपल्या मनानं पुढं ढकलायचं नाही. अपेंडिक्स, अडकलेला हर्निया, अडलेलं बाळंतपण, कॅन्सर, अपघात, यांत डॉक्टर म्हणतील तेव्हाच ऑपरेशन. तिथं फक्त खरं सांगायचं आणि दवाखान्यात जायचं. पुढं ढकलता येण्यासारखं आहे की नाही, हे डॉक्टरांनाच विचारायचं.

घरातल्या माणसांचं ऑपरेशन असेल, तर हे सगळं काम आपल्यावरच येतं. नवऱ्याला "सोड, सोड" म्हणून भांडण केलं, तर तो पानठेल्यावर जाऊन बसतो. त्यापेक्षा तपासणीच्या दिवशी सोबत जा आणि डॉक्टरांसमोर सांगा, "हे दिवसाला बिडीचा कट्टा ओढतात." डॉक्टरांच्या तोंडून गेलेली गोष्ट जास्त ऐकली जाते. आणि ऑपरेशन आपलं असेल, तर त्या महिन्यात घरात बिडी पेटू देऊ नका. दुसऱ्याचा धूरही आपल्या छातीत जातो. लहान मुलाचं ऑपरेशन असेल, तर हे आणखीच महत्त्वाचं, कारण धुराच्या घरातल्या मुलाला भुलेखाली श्वासाचा त्रास होण्याची भीती जास्त असते.

आता आपल्या गटाचं काम. कर्जाचा अर्ज ऑपरेशनसाठी आला, की आपण काय विचारतो? किती पाहिजे, किती हप्ते, जामीन कोण. त्यात एक प्रश्न वाढवा: "तंबाखू बंद केला का? सोबत कोण आहे?" कर्ज नाकारण्यासाठी हा प्रश्न नाही. कुणाचं कर्ज त्यावरून अडवायचं नाही, नाहीतर बायका पुन्हा लपवायला लागतील. प्रश्न विचारायचा तो सोबतीण ठरवायला. चार आठवड्यांत आठवड्याच्या चार बैठका होतात. प्रत्येक बैठकीत सोबतिणीनं एवढंच विचारायचं, "कसं चाललं?" आणि बैठकीतलं बोलणं विहिरीवर न्यायचं नाही.

हिशोब तर आपल्याला येतोच. दिवसाला 20 रुपयांचा खर्रा धरला, तर 28 दिवसांचे 560 रुपये होतात. तेवढ्यात दवाखान्याच्या कितीतरी चकरांचं भाडं निघतं. जखम चिघळून आठ दिवस जास्त राहावं लागलं, तर पेशंटची मजुरी बुडते, सोबत राहणाऱ्याचीही बुडते. आणि घेतलेल्या कर्जाचा हप्ता तर थांबत नाही.

मदत कुठं मिळते, तेही ऐका. सरकारचा मोफत फोन नंबर आहे: 1800-11-2356. पुन्हा सांगते: एक आठ शून्य शून्य, एक एक, दोन तीन पाच सहा. तंबाखू सोडायला मदत करणारी माणसं तिथं बोलतात. हा नंबर तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो, पण घोटलेल्या खर्ऱ्याच्या पन्नीवर काहीच छापलेलं नसतं, म्हणून आपल्याला तो दिसत नाही. गटाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. तलफ फारच असह्य होत असेल, तर निकोटिनचं च्युइंगम मिळतं, गोळ्याही असतात. पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या, आणि ऑपरेशन आहे हे सांगून घ्यायच्या.

आणि हे गावानं मिळूनही होतं. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात 2016 पासून मुक्तिपथ नावाचं काम चालू आहे. डॉक्टर अभय बंग आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेचा त्यात मोठा हात आहे. तिथं गावोगावच्या बायकांनी पुढं होऊन दारूबरोबर खर्ऱ्याचीही विक्री थांबवायला सुरुवात केली. आपल्या राज्यात गुटख्याला 2012 पासून बंदी आहे, पण कागदावरची बंदी गावात उतरवायला बायकाच लागतात.

कुणी म्हणेल, आपण उन्हाळ्यात जंगलात जाऊन तेंदूपत्ता तोडतो, त्यावर आपले चार पैसे होतात, आणि तुम्ही बिडीला वाईट म्हणता. मैत्रिणींनो, पहाटे उठून पुडे बांधायचे कष्ट आपले आहेत, त्याची मजुरी आपल्या हक्काची आहे. पान विकलं म्हणून ते ओढलंच पाहिजे, असं मात्र कुठं लिहिलेलं नाही.

या आठवड्याच्या बैठकीत प्रत्येक गटानं एक काम करावं. आपल्यात, आपल्या घरांत, येत्या दोन-तीन महिन्यांत कुणाचं ऑपरेशन ठरलं आहे, ते विचारावं. त्या तारखेतून चार आठवडे मागं मोजावेत, आणि कॅलेंडरवर त्या दिवसाला खूण करावी. खूण कशाची, हे ज्यांना ठाऊक असायला पाहिजे त्यांना ठाऊक असेल. आणि तो दिवस आधीच निघून गेला असेल, तर आजच्या तारखेला खूण करा.

 सगळ्या पेशंट ताईंना लवकर बरं वाटो.